पोराच्या नावाचा एक कागद करा

पलूस, जि. सांगली

परराज्यांत सोन्या-चांदीची गलाई करणाऱ्या सर्व दुकानमालकांना,



तुमच्यापैकी कुणी कोइमतूरला आहे, कुणी मदुराईला, कुणी त्रिशूर, कोलकाता, आग्रा, अमृतसरला. मूळ गावं मात्र खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव, कवठेमहांकाळ आणि आमच्या पलूस तालुक्यातली. प्रत्येकाला वेगळं पत्र घालणं मला शक्य नाही आणि एकट्या माझ्या जुन्या मालकांना घातलं तर ते घरगुती भांडण ठरेल. म्हणून हे सगळ्यांना, उघडपणे.

पलूसला माझं दाखले काढून देण्याचं, अर्ज भरून देण्याचं छोटं दुकान आहे. मे महिन्यात आणि दिवाळीत गलाईची पोरं गावी आली की माझ्याकडे चक्कर होतेच. कुणाला मोटारसायकलसाठी कर्ज हवं असतं, कुणाला मुलीकडच्यांना दाखवायला काहीतरी कागद हवा असतो. अर्जातला व्यवसायाचा रकाना येतो, पोरगं म्हणतं, ‘गलाई.’ पुढचा रकाना मालकाच्या नावाचा. पोरगं म्हणतं, ‘मामा.’ मग पगाराचा पुरावा. त्यावर पोरगं नुसतं हसतं. ते हसणं माझ्या ओळखीचं आहे. बारावीनंतर मीही तुमच्यातल्याच एकाच्या दुकानात गेलो होतो आणि पुढची काही वर्षं या राज्यातून त्या राज्यात बदलीवर फिरलो.

तुमचे उपकार मी विसरलेलो नाही. येरळेचं पात्र कोरडं, विहिरींना तळ दिसलेला, आणि रोजगार हमीच्या खडीवर हात सोलून घ्यायचे नसतील तर गाव सोडायचं, अशा दिवसांत तुमच्या वाडवडिलांनी एक मूस आणि एक भाता घेऊन परमुलूख गाठला. भाषा येत नव्हती, ओळख नव्हती. सराफांच्या गल्लीत उंबऱ्याशी बसून ते विश्वासाचा माणूस झाले. दुष्काळी पट्ट्यातली कितीतरी घरं त्या भट्टीवर उभी राहिली. टेंभू आणि ताकारी योजनांचं पाणी फार उशिरा आलं. तुमच्या मनीऑर्डरी त्याच्या कितीतरी आधी आल्या.

आमचा तालुका कृष्णाकाठचा, ऊस आणि द्राक्षांचा, मग इथली पोरं का जातात, असं बाहेरचे लोक विचारतात. उत्तर सातबाऱ्यावर आहे. वाटण्या होत होत वाट्याला वीस-पंचवीस गुंठे येतात. त्यावर द्राक्षाचा मांडव उभा करायचा म्हणजे आधी कर्ज उभं करायचं. कारखान्यांत कायम भरती जवळपास थांबली, उरली ती ठेकेदाराकडची कामं. माझे चुलते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांच्या ट्रंकेत अजून हजेरीचं कार्ड आहे, फंडाच्या पावत्या आहेत. 1910 साली कुंडलजवळच्या माळावर औंधच्या राजांनी दिलेल्या जागेत लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तो कारखाना उभारला. त्या वाडीच्या भोंग्यावर वाढलेल्या घरातलं पोरगं तुमच्याकडे आलं आणि ते तिथं होतं, याचा आज एकही कागद नाही.

पहिलं गाऱ्हाणं पगाराचं. पगार कमी आहे असं मी म्हणत नाही. तो किती आहे हेच पोराला धड माहीत नसतं, हे माझं म्हणणं आहे. बोली होते ती वडिलांशी, तीही लग्नाच्या मांडवात नाहीतर जत्रेत, दोन वाक्यांत: ‘पाठवा पोराला, मी बघतो.’ पैसे जातात वडिलांकडे, ते मागतील तसे. कधी ट्रॅक्टरच्या हप्त्याला, कधी बहिणीच्या लग्नाला. पोराच्या हातात येते ती खर्ची. वर्षाच्या शेवटी हिशोब होतो तेव्हा तिकीट, कपडे, औषधं, मोबाइलचं रिचार्ज असं सगळं वजा झालेलं असतं, आणि ज्या वहीत ते वजा झालं ती वही एकट्या तुमच्याकडे असते. गावातल्या सालगड्याची बोलीसुद्धा पाडव्याला चार माणसांत होते. त्याला धान्य किती, चपला किती, सुट्ट्या किती, हे चौघांच्या कानावर असतं.

विचारायला जावं तर नातं आडवं येतं. पगार विचारायचा तो मामाला, दाजींना, चुलत्याला. ‘तू काय परका आहेस का?’ या प्रश्नाला एकोणीस वर्षांच्या पोराकडे उत्तर नसतं. रात्री दोन वाजता सराफाचा माणूस माल घेऊन आला की उठायचं कुणी, हे ठरवताना मात्र नातं कधी मध्ये आलेलं मी पाहिलं नाही. तुमचा स्वतःचा मुलगा त्या वेळी पुण्याला इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात झोपलेला असतो. तो शिकतोय याचं मला वाईट वाटत नाही, चांगलंच आहे; फक्त मग आम्हाला ‘घरचं पोर’ म्हणू नका. टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढताना एका पॉइंटचा फरक पडला तर गिऱ्हाईक तुटतं असा तुमचा धंदा आहे, आणि त्याच धंद्यात पोराच्या पगाराचा आकडा ‘बघू’ एवढाच असतो.

तेव्हा बोली कागदावर करा. पैसे पोराच्या खात्यावर टाका. वडिलांना किती पाठवायचे ते पोरगं ठरवील. वहीची एक प्रत त्याच्याकडे द्या. याला मोठा वकील लागत नाही.

दुसरं गाऱ्हाणं तेजाबाचं, आणि ते मला थोडं सविस्तर सांगावं लागेल. तुम्हाला नवीन काही नाही, पण हे पत्र पोरांच्या आया वाचतील, त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. सोनं शुद्ध करायचं तर आधी त्यात चांदी घालून सोन्याचा भाग चौथाईवर आणतात. मग ते नायट्रिकच्या तेजाबात उकळायचं. चांदी आणि तांबं विरघळतं, तळाशी सोन्याची तपकिरी भुकटी राहते. त्या वेळी भांड्यातून जो तांबूस धूर निघतो तो नायट्रोजन डायऑक्साइड. या वायूची खोड अशी, की तो क्लोरीनसारखा लगेच घशाला धरून माणसाला खोलीबाहेर पळवत नाही. थोडा ठसका लागतो, डोळे चुरचुरतात, माणूस काम आटोपून जेवतो आणि झोपतो. जास्त गेला असेल तर काही तासांनी फुफ्फुसात पाणी भरायला लागतं, आणि तोवर डॉक्टरला सांगायला कुणाला आठवतही नाही की संध्याकाळी भट्टीवर काय केलं होतं. मुलगा ‘दम लागतो’ म्हणतो, डॉक्टर दमा म्हणतो, मालक ‘हवा मानवली नाही’ म्हणतात.

केडीएमच्या जुन्या दागिन्यांचं तर याहून वाईट. त्यांच्या सांध्याच्या डागात कॅडमियम असतं. ते 767 अंशांना उकळतं आणि सोनं वितळतं 1064 ला. म्हणजे मुशीत सोनं वितळायच्या आधीच कॅडमियम धूर होऊन खोलीत पसरलेलं असतं. फुफ्फुसाला ते घातक आहेच, पण वर्षानुवर्षं शरीरात साठत जाऊन मूत्रपिंडं खराब करतं. मुशीवर वाकून बघायचं काम कायम सगळ्यात नवीन पोराकडे, कारण ‘शिकला पाहिजे’.

मी एका दुकानात होतो, गाव सांगत नाही, तिथं भट्टीची खोली आणि झोपायची खोली एकच होती. धूर ओढायला एक पंखा होता. त्याचं तोंड शेजारच्या घराच्या खिडकीकडे होतं. शेजाऱ्यांनी तक्रार केली तेव्हा मालकांनी त्यांची माफी मागितली आणि पंखा दिवसा बंद ठेवायचा हुकूम केला. शेजाऱ्यांना धूर नको, हे मालकांना लगेच पटलं. तोच धूर आमच्या उशाशी राहणार, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. ते वाईट गृहस्थ नव्हते. आजारी पडलो तर स्वतः गरम पाणी करून द्यायचे. पण त्यांनी स्वतःही तरुणपणी असाच धूर घेतला होता आणि ‘आम्हाला काय झालं?’ हा त्यांचा मोठा पुरावा होता. ज्यांना काही झालं ते आज मालक नाहीत आणि सांगायलाही येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

करायचं काय, तेही तुम्हाला माहीत आहे. भट्टीवर टोपी आणि छपराच्या वर नेलेलं धुराडं. धूर सोडण्याआधी तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून काढायची सोय. चष्मा, हातमोजे, ॲप्रन. झोपायला दुसरी खोली, कितीही लहान असली तरी. आणि गावी आलेल्या पोराची वर्षातून एकदा मिरजेला छातीची आणि लघवीची तपासणी, तुमच्या खर्चाने. सोन्याचा दहा ग्रॅमचा भाव 2025 मध्ये लाखाच्या वर गेला. धुराड्याच्या खर्चाची अडचण आता तरी सांगू नका.

कायदा काय करतो, असं मला एका शिक्षकांनी विचारलं. कायदा तुमच्या दुकानाच्या पायरीशीच थांबतो. परराज्यांत ठेकेदारामार्फत नेलेल्या कामगारांसाठी 1979 साली खास कायदा झाला. त्यात घर सोडल्याचा भत्ता होता, जाण्यायेण्याचं भाडं होतं. पण तो असे पाच किंवा जास्त कामगार असतील तिथंच लागू होता. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या. ठेकेदाराविना स्वतःहून गेलेला माणूसही त्यांनी स्थलांतरित मानला आणि वर्षातून एकदा गावी जाण्यायेण्याचं भाडंही ठेवलं, पण आकडा पाचावरून दहावर नेला. कामगार विमा योजनेला दहा माणसं लागतात, भविष्य निर्वाह निधीला वीस. तुमच्याकडे दोन, तीन, फार तर चार पोरं. म्हणजे सरकारच्या लेखी त्या भट्टीवर कामगार नाहीच. हे तुमच्या सोयीचं आहे, मला ठाऊक आहे. म्हणूनच मी सरकारी अधिकाऱ्याला न लिहिता तुम्हाला लिहितोय.

गावाच्या लेखीही तसंच. दिवाळीनंतर बीड आणि जतकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या तालुक्यात येतात. उसाच्या फडाकडेला त्यांच्या खोप्या पडतात. आमच्या आया त्यांच्या पोरांना शिळीताजी भाकरी देतात, हळहळतात. त्यांच्या उचलीवर, कोयत्यावर लेख येतात, त्यांच्यासाठी महामंडळ झालं. ते पुरेसं नाही, पण निदान त्यांचं दुःख दुःख म्हणून मोजलं जातं. आमचं पोरगं गावी येतं ते जीन्स घालून, बोटात अंगठी, हातात चांगला मोबाइल. त्याच्याबद्दल कोण हळहळणार? ते स्वतःही सांगत नाही. सोन्याच्या धंद्यातला माणूस गरीब दिसला तर घराण्याची अब्रू जाते, असं त्याला शिकवलेलं असतं.

आता बदलीचं. या पत्रातलं माझं खरं दुखणं हेच आहे.

प्रत्येक दुकानात एखादा कायमचा गडी असतो. तो लग्नाला, जत्रेला, बापाच्या आजारपणाला गावी गेला की त्याच्या जागी बदलीचं पोरगं लागतं. ही पोरं तुमच्या आपापसांत फिरतात. मी कोइमतूरला गेलो, दुकानांच्या पाट्या बघून आणि चहावाल्याशी बोलून तमिळ शिकलो, सराफाच्या माणसाशी दोन वाक्यं नीट बोलायला लागलो, आणि फोन आला: आग्र्याच्या पाहुण्यांचा गडी गावी निघालाय, थोडे दिवस तिकडे जा. मला कुणी विचारलं नाही. विचारायची पद्धतच नाही. मिरजेपर्यंत येऊन घरी तोंडदेखली चक्कर मारून पुन्हा गाडी. तिकिटाचे पैसे निम्मे माझ्या खात्यावर. आग्र्यात पैंजणांच्या चांदीचं काम, भाषा हिंदी, थंडी हाडात शिरणारी. तिथला गडी परतला की पुढचं गाव. दोन दुकानांच्या मधले दिवस घरी बसून काढायचे आणि ते बिनपगारी. म्हणजे काम तुमच्या सोयीने, रिकामपण आमच्या खर्चाने.

फिरण्याची मला हौस नव्हती असं नाही. पलूसच्या पोराला मदुराईचं देऊळ आणि आग्र्याचा किल्ला एका वयात बघायला मिळाला, चार भाषांत शिव्या आणि दोन भाषांत गप्पा मारता यायला लागल्या. गणपतीत परक्या शहरात आपल्या माणसांच्या मंडपात बसून आरती म्हणताना ऊर भरून येतो, तेही खरं. पण बदलीच्या पोराला कुठलंच गाव आपलं नसतं. भाड्याच्या खोलीचा करार त्याच्या नावावर नाही, मतदान गावी, डॉक्टर कुठलाच नाही. निवडणूक आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये अशा लोकांसाठी दूरच्या गावाहून मत देता येईल असं यंत्र जाहीर केलं होतं. आम्ही पोरांनी ती बातमी एकमेकांना पाठवली होती, पण त्यावर मत टाकायची वेळ काही आली नाही.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेला महापूर आला. भिलवडीच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटली. आमची माणसं त्याच पट्ट्यात, फोन लागत नव्हते. मी तेव्हा बदलीवर होतो. सुट्टी मागितली तर उत्तर आलं, ‘तू जाऊन काय पाणी उपसणार आहेस? आणि बदलीला बदली कुठून आणू?’ त्यातला दुसरा प्रश्न खरा होता, म्हणून मला जास्त लागला. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा या बदलीच्या पोरांचे सगळ्यात जास्त हाल झाले. पोरगं ज्याच्या दुकानात होतं तो म्हणे, हा माझा माणूस नाही, ज्याने पाठवला त्याने बघावं. पाठवणारा म्हणे, ज्याच्याकडे आहे त्याने बघावं. तुमच्यापैकी अनेकांनी त्या काळात पोरांना महिनोन्‌महिने जेवू घातलं, पदरच्या पैशाने गाड्या करून गावी पोचवलं, हे मी विसरलेलो नाही. पण ती त्या त्या माणसाची भलाई होती. ज्याचा मालक भला नव्हता त्याच्याजवळ दाखवायला काय होतं?

म्हणून माझी मागणी अशी. पोरगं एका दुकानातून दुसऱ्या दुकानात पाठवायचं तर त्याला विचारून पाठवा. दोन्हीकडचं भाडं पाठवणाऱ्याने द्यावं. मधल्या दिवसांचा निम्मा तरी पगार द्यावा. त्या काळात त्याच्या आजारपणाची, अपघाताची जबाबदारी कोणाची, हे आधी लिहून ठेवावं.

पोलिसांबद्दल थोडक्यात लिहितो. चोरीचा दागिना एकदा मुशीत गेला की तो कुणाचा होता हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. म्हणून तपास तुमच्या दुकानाशी येतो. पोलीस गलाईवाल्यांना नाहक धरतात, ही तुमची तक्रार खरी आहे. मात्र धरलं जातं ते गल्ल्याजवळ बसलेलं पोरगं, मालक बहुधा गावी असतात. पोराला तिथली भाषा येत नाही, ते दुकानात काय म्हणून आहे याचा कागद नाही. चोरीचा माल घेण्याचं कलम पूर्वी दंड संहितेत 411 होतं, आता न्याय संहितेत 317 आहे; हे आकडे पोरांना पाठ असतात, कायदा म्हणून नाही, भीती म्हणून. माल कोणाकडून आला त्याची नोंद आणि ओळखपत्राची प्रत ठेवा. पोरगं दुकानात आलं की जवळच्या ठाण्यात त्याचं नाव नोकर म्हणून कळवा. तिथल्या एका वकिलाचा नंबर भिंतीवर लावा. आणि प्रसंग आला तर पहिल्या गाडीने या.

वयाचं तर तुमच्याशी बोलायलाच नको, इतकं उघड आहे. घातक प्रक्रियेच्या कामावर 18 वर्षांखालच्या मुलाला ठेवता येत नाही. दहावीचा निकाल लागल्यावर पोराच्या वडिलांना फोन करणं बंद करा. वडील स्वतः पाठवत असले तरी घेऊ नका. आलेल्या मोठ्या पोराला शिकायचं असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा देशात कुठूनही देता येते. परीक्षेचे चार दिवस त्याला भट्टीपासून सोडा.

एक बोलायला अवघड गोष्ट. गावी तुमच्या नावाच्या कमानी आहेत. देवळांच्या जीर्णोद्धाराला, सप्ताहाला, शाळेच्या खोल्यांना तुम्ही हात सैल सोडून देता, संगमरवरावर नावं कोरली जातात. त्यात वावगं काही नाही, गावाने ती मागितली म्हणून तुम्ही दिली. पण एखाद्या वर्षी कमानीऐवजी तुमच्या दुकानांतल्या पोरांच्या औषधपाण्याचा निधी उभा करा. त्यावरही नाव कोरू, मोठ्या अक्षरांत. शासनाचा अपघात विमा वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा मिळतो, वय 18 पूर्ण हवं आणि बँकेत खातं हवं. ई-श्रमचं कार्ड 2021 पासून फुकट निघतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गलाईच्या पोरांकडे यातलं काहीच नसतं, आणि मालकाने कधी सांगितलंही नसतं.

धंदा बदलतोय, हे मीही बघतोय. जून 2021 पासून हॉलमार्क सक्तीचा झाला, एप्रिल 2023 पासून प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरी क्रमांक आला. मोठ्या रिफायनऱ्या उभ्या राहिल्या, सराफ तिकडे वळतायत, गल्लीतल्या भट्ट्या कमी होणार. तुमच्याकडे भांडवल आहे, तुम्ही दुसरं दुकान घालाल, काहींनी घातलंही आहे. पोराकडे फक्त हातातली कला आहे: मूस कधी उतरवायची, टाकणखार किती टाकायचा, रंगावरून टंच किती. उद्या ते एखाद्या हॉलमार्क केंद्रात किंवा रिफायनरीत नोकरी मागायला गेलं तर त्याला विचारतील, अनुभव किती? तुमच्या सही-शिक्क्याचा अनुभवाचा दाखला तेवढा त्याच्या उपयोगी पडेल. असा दाखला मागितला तेव्हा मला मिळालेलं उत्तर होतं, ‘दाखला कशाला? सगळे ओळखतात की.’ नोकरी मागायला पुण्यातल्या ज्या माणसासमोर मी बसलो होतो तो कुणालाच ओळखत नव्हता.

1943 ते 46 या काळात याच कुंडलच्या परिसरात इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारची न्यायदान मंडळं बसायची. सावकाराने लाटलेली जमीन, नवऱ्याने टाकलेली बाई, असे खटले लोकांसमोर चालत. तुमच्यापैकी काहींचे आजे त्यात होते, आणि ते तुम्ही अभिमानाने सांगता. तेव्हा चार माणसांसमोर बसून हिशोब करणं आपल्याकडे कमीपणाचं मानत नाहीत, एवढं तरी धरून चालतो.

येत्या मे महिन्यात तुम्ही जत्रेला, लग्नांना गावी याल. मी एका पानाचा मसुदा तयार करून ठेवला आहे. त्यात पगार, खातं, झोपायची खोली, तपासणी, बदलीचं भाडं, सुट्टी आणि दाखला, एवढंच आहे. दोन प्रती, एक तुमच्याकडे, एक पोराकडे. माझ्या दुकानात तो फुकट मिळेल. ज्यांना त्यातली काही कलमं जाचक वाटतील त्यांनी ती खुशाल खोडावीत, खोडलेल्या ठिकाणी सही करावी आणि कागद पोराच्या हातात द्यावा. कुठल्या मालकाने कुठलं कलम खोडलं हे पोराला आणि त्याच्या वडिलांना वाचता येईल. यंदा तेवढं झालं तरी चालेल.



आपला,
पलूस तालुक्यातला, पूर्वी बदलीवर फिरलेला एक गलाई कामगार